ग्वाल्हेरच्या धुक्यात मामांच्या मागे

जानेवारीत ग्वाल्हेरला जाऊ नकोस, असं सगळ्यांनी बजावलं होतं. गाडी धुक्यात रखडली, किल्ला अर्धामुर्धाच दिसला, मामींनी येता-जाता गाजराचा हलवा वाढला. ते असो. माझं डोकं फिरलं ते महाराज बाड्याच्या चौकापासून फूलबागेपर्यंत पायी जाताना.

सकाळचे सात. समोरचा माणूस दिसेना. सत्तरी ओलांडलेले मामा कानटोपी चढवून, हातात टॉर्च घेऊन चक्क रस्त्यातून चाललेले. "मामा, फूटपाथवर या ना," मी म्हटलं. "तूच चालून दाखव," ते म्हणाले.

मी चढले. फूटपाथ जवळजवळ गुडघाभर उंच, आणि प्रत्येक दुकानाच्या दारापाशी उतरता. चार पावलं चाललं की उतरा, पुन्हा चढा. वर गुळगुळीत फरश्या, त्यावर दवाचं पाणी. पुढे विजेची डीपी, तिच्यापुढे लावून ठेवलेल्या बाईक. मुकाट्याने खाली उतरले. दिव्यांचे खांब एवढे उंच की उजेड सगळा वर धुक्यातच अडकलेला, पायाखाली मिट्ट काळोख. कमरेच्या उंचीवर चार दिवे लावले असते तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात घंटी ऐकू आली. मग काहीतरी चमकलं. मग दुधाच्या कॅन लावलेली सायकल, आणि सगळ्यात शेवटी दूधवाला. मागच्या कॅनला त्याने जुनी सीडी टांगली होती, गाड्यांच्या दिव्यात चमकावी म्हणून. या शहराने सायकलवाल्यासाठी केलेली एवढीच सोय मला दिसली, आणि तीही त्याने स्वतःच केलेली.

फिनलंडमधलं ओउलू शहर आर्क्टिक वृत्ताच्या थोडंसंच खाली. तिथे भर बर्फात लोक सायकलने शाळेत, कामावर जातात, कारण सायकलमार्गांवरचा बर्फ वेळच्या वेळी हटवला जातो. हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद तिथेच भरली, २०१३ साली. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे बर्फ नाही ना, म्हणून कुणी बघत नाही."

अकराच्या सुमारास ऊन पडलं आणि परतताना गंमत लक्षात आली. डिसेंबर-जानेवारीत इथे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे जेमतेम चाळीस अंशांवर असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम रस्त्याची उत्तरेकडची बाजू उन्हात आणि दक्षिणेकडची इमारतींच्या सावलीत गारठलेली. लष्कर नावाच्या इथल्या भागातली जुनी माणसं न सांगता उत्तरेच्या कडेने चालतात. एका ठिकाणी शिरीषाचं झाड होतं, पानं झडलेली, वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. हिवाळ्यात ऊन खाली येऊ देणारं आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात सावली धरणारं असं झाड रस्त्याच्या कडेला लावायला अक्कल लागते. ती ज्याने कुणी दाखवली त्याला माझा नमस्कार. बाकी नव्या रस्त्यावर शोभेचे ताड आहेत, ना ऊन ना सावली.

आणि ती उन्हातली बाजू? तिथे चारचाकी गाड्या एकाला एक खेटून उभ्या. माणसं सावलीतून, नाक पुसत.

पुढच्या खेपेला मी फेब्रुवारीअखेरीस जाणार आहे. मामींना कळवलंय, त्या रागावल्यात.