लाल किनारीचा तारा

सरोवराच्या तळाशी सत्तर-पंचाहत्तर वर्षं पडून असलेलं विमान पाण्याबाहेर आलं की त्याची झीज थांबते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती त्या क्षणापासून वेग घेते. मिशिगन सरोवराच्या खोल तळाशी बाराही महिने साधारण चार अंश सेल्सिअसचं गोडं पाणी असतं आणि उजेड जवळजवळ नसतोच. तिथे ॲल्युमिनियम फार संथपणे खराब होतं. वर येताच ऊन, वारा आणि भरपूर प्राणवायू असं सगळं एकदम अंगावर येतं. रंग सुकून त्याच्या कडा वळायला लागतात, पोलादी बोल्टांवर काही तासांत ताजा गंज चढतो. म्हणून विमान उचलायच्या दिवशी जुनी विमानं जतन करणाऱ्या आमच्या कार्यशाळेतले आम्ही सगळे बंदरावर हजर असतो. इथे लिहितोय तो मे महिन्यातला, शिकागोच्या उत्तरेला वॉकिगनच्या बंदरावरचा असाच एक दिवस.

विमान होतं ग्रुमन एफ-४-एफ-३ वाइल्डकॅट. पंख न दुमडणारं, ३८ फूट पंखविस्ताराचं, प्रॅट अँड व्हिटनीचं चौदा सिलिंडरचं इंजिन असलेलं. समुद्रापासून इतक्या लांब नौदलाचं लढाऊ विमान कसं, याचं उत्तर थोडक्यात असं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने या भागातल्या मोठ्या सरोवरांतल्या दोन प्रवासी आगबोटींवर सपाट डेक चढवून त्यांची सरावासाठी विमानवाहू जहाजं केली. वुल्व्हरिन ऑगस्ट १९४२ मध्ये दाखल झाली, सेबल मे १९४३ मध्ये. दोन्ही कोळशावर चालणाऱ्या, बाजूला मोठी वल्हेरी चाकं असलेल्या. पाणबुड्यांची भीती नसलेल्या या पाण्यात सतरा हजारांहून अधिक वैमानिक जहाजावर उतरायला शिकले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश त्यांतलेच, सेबलवर शिकलेले. जहाजांचा वेग बेताचा. वारा पडला की डेकवरून पुरेशी हवा वाहत नसे, आणि उतरणारं विमान डेकच्या अलीकडेच पडे किंवा पुढच्या टोकावरून थेट पाण्यात जाई. शंभराहून जास्त विमानं अशी बुडाली. वैमानिक मात्र बहुतेक वाचले, कारण बचावनौका जवळच असत. बुडालेल्या विमानांची मालकी आजही नौदलाचीच आहे. त्यांच्या परवानगीशिवाय एक स्क्रूही वर आणता येत नाही, आणि हे योग्यच आहे.

आमचं वाइल्डकॅट साठेक मीटरवर, चाकं खाली सोडलेल्या अवस्थेत बसलेलं होतं. कॅमेऱ्याच्या चित्रणात दोन गोष्टी आधीच दिसल्या होत्या. इंजिन धरून ठेवणाऱ्या नळ्यांपैकी एक वाकलेली, आणि शेपटाकडच्या भागात पत्र्याला आडवी चीर. त्यावरून पट्टे कुठे घालायचे ते ठरलं: रुंद नायलॉन पट्टे पंखांच्या मुळाशी स्पारखाली, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईखाली, आणि पुढे इंजिनमागच्या अग्निरोधक भिंतीजवळ. मागच्या धडाला वजन द्यायचं नाही. तिथला पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. पट्टा आवळला की तो चेपलाच.

तळावरून विमान सुटतं तो क्षण पहिला धोक्याचा. पोटाखालचा चिकण गाळ त्याला धरून ठेवतो. नुसतं वर ओढलं तर विमानाच्या वजनाखेरीज गाळाची पकडही पट्ट्यांवर येते आणि ती सुटताच विमान झटक्याने उसळतं. म्हणून आधी पंपाने पंखांखालचा गाळ उपसायचा, मग हवेच्या पिशव्या थोड्या थोड्या भरायच्या. सुटल्यावर विमान पाण्याखालीच लटकत ठेवून बार्जने अगदी हळू बंदरापर्यंत आणलं.

दुसरा धोका पाण्याच्या पृष्ठभागावर. पाण्यात असेपर्यंत आतलं पाणी जाणवत नाही. विमान बाहेर यायला लागलं की पंखांत आणि धडात अडकलेल्या प्रत्येक घनमीटर पाण्याचं एक टन वजन होतं, आणि ते पत्र्याला आतून बाहेर ढकलतं. पाणी निघायची भोकं असतात, पण ती गाळाने बुजलेली. बोटी उचलणारी चाकांची क्रेन तिथे वापरतात. ती प्रत्येक टप्प्यावर थांबवायची, लाकडी काडीने भोकं मोकळी करायची, तपासणीची झाकणं उघडायची आणि धार बारीक होईपर्यंत वाट पाहायची. या वाट पाहण्यावर काठावरचे लोक कंटाळतात. क्रेनचं भाडं तासावर असतं, त्यामुळे घाई करण्याचा दबावही येतो. तरी थांबायचं. घाईने उचललेल्या विमानांच्या पंखांखालचे पत्रे शिवण उसवावी तसे रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या, ओळीवर फाटलेले मी पाहिले आहेत.

जमिनीवर आल्यावर विमान स्वतःच्या चाकांवर उभं करायचं नाही. वाइल्डकॅटची चाकं वैमानिक हाताने तीसेक वेळा हँडल फिरवून साखळीने वर-खाली करायचा. ती साखळी आणि तिचं कुलूप आतून किती खाल्लं गेलंय ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे वजन लाकडी घोडीवर. टायरमध्ये अनेकदा अजून हवा असते, आणि चाकाच्या धातूवर भरवसा ठेवता येत नाही. व्हॉल्व्हची सुई काढताना चाकाच्या चकतीसमोर नव्हे, टायरच्या नक्षीच्या बाजूला उभं राहायचं.

मग आतल्या धोकादायक वस्तू. मशीनगन सरावाच्या विमानांत बहुधा काढलेल्या असत, तरी स्फोटकतज्ज्ञ तपासून हिरवा कंदील देईपर्यंत कोणी हात लावत नाही. या विमानाचं इंजिन काडतुसाच्या दाबावर सुरू व्हायचं. ते काडतूस आणि इशाऱ्याचे बार जिवंत असू शकतात. ऑक्सिजनची बाटली दाबाखाली असू शकते. वैमानिकाच्या आसनाखालच्या टाकीत शिशाचं पेट्रोल उरलेलं असू शकतं, म्हणून वाफेची तपासणी होईपर्यंत ठिणगी उडवणारं कुठलंही हत्यार जवळ नको. तबकड्यांवरचे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवलेले. अंधारात ते आता चमकत नाहीत, कारण रंगातला चमकणारा पदार्थ थकलेला असतो, पण रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षं आहे. किरणोत्सर्ग गायगर यंत्राने मोजायचा, काच उघडायची नाही, तबकडी दुहेरी पिशवीत घालून चिठ्ठी लावायची.

यानंतर धुणं, आणि इथेच बहुतेक नुकसान होतं. उच्च दाबाचा फवारा वापरायचा मोह सगळ्यांना होतो. अर्ध्या तासात विमान लख्ख होतं आणि मूळ रंग गटारात जातो. आम्ही साध्या नळीने, हाताला सहज सोसेल इतक्या धारेने धुतो. परदेशातून जहाजांबरोबर आलेले झेब्रा आणि क्वागा जातीचे शिंपले पत्र्यावर थरच्या थर बसलेले असतात. ते ओले असतानाच प्लास्टिकच्या पातीने काढायचे. सुकले की त्यांचे चिकट धागे रंगासकट निघतात. म्हणून एक जण सतत पाणी मारतो, दुसरा काढतो, आणि धुतलेला भाग लगेच ओल्या गोणपाटाने झाकला जातो.

धडाच्या डाव्या बाजूचे शिंपले काढताना पांढरा तारा दिसायला लागला, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे, आणि त्यांच्याभोवती दोन बोटं रुंदीची लालसर रेघ. जवळच्याने ती गंजाची ओघळ समजून पात लावली होती. मी काम थांबवायला सांगितलं. गंज खाली ओघळतो. ही रेघ पट्ट्याच्या वरून, खालून आणि टोकाकडून जात, कोपऱ्यात काटकोनात वळत होती. तो रंग होता.

याचं महत्त्व असं की अमेरिकी विमानांवरच्या चिन्हाला पट्टे आणि लाल किनार देण्याचा हुकूम जून १९४३ च्या अखेरीचा. प्रशांत महासागरात लाल रंग दिसला की जपानी विमान समजून गोळ्या झाडल्या जातील, ही भीती लगेच पुढे आली आणि ऑगस्टमध्येच किनार निळी करण्याचा हुकूम निघाला. म्हणजे लाल किनार अधिकृतपणे जेमतेम काही आठवडे होती. सराव तुकड्यांत रंग बदलायला उशीर होई हे धरलं, तरी विमान बुडाल्याचा काळ १९४३ चा उन्हाळा आणि त्यानंतरचे थोडे महिने इतका आखूड होतो. अपघाताच्या नोंदींशी विमानाचा मेळ घालताना क्रमांकाची पाटी सापडेपर्यंत हाच सर्वांत भक्कम पुरावा होता. अजून दोन मिनिटं पात चालली असती तर तो कोपरा गेला असता.

रंगाचं पुढचं काम कार्यशाळेत. ताऱ्याच्या मधोमध तांदळाच्या कणाएवढा रंगाचा तुकडा शस्त्रक्रियेच्या पातीने उचलला, राळेत बसवला, घासून चकचकीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. धातूवर झिंक क्रोमेटचा पिवळसर हिरवा प्रायमर, त्यावर इतर थर, आणि वरच्या पांढऱ्याखाली लाल. मे १९४२ पर्यंत ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका असे, तो तेव्हा पांढऱ्याने पुसला गेला. म्हणजे सरावाला येण्याआधी हे विमान युद्धाच्या पहिल्या महिन्यांत नौदलाच्या सेवेत होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला सुकाणूवर लाल-पांढरे आडवे पट्टेही रंगवत असत. ते शोधायला वाव नाही, कारण सुकाणूचं आवरण कापडी होतं आणि कापड केव्हाच कुजून गेलं.

सुकताना उचकटणारा रंग बसवायला जतनकाम करणारे सहसा पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ ॲसिटोनमध्ये पाच टक्के विरघळवून वापरतात. इथे तसं करू नये. त्या काळचा हा रंग नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे आणि ॲसिटोन त्यालाच विरघळवतं. आम्ही न दिसणाऱ्या जागी चाचणी घेऊन दुसरा द्रावक निवडला. प्रायमरमधलं क्रोमेट कर्करोगकारक आहे, तेव्हा कोरडं घासणं पूर्ण बंद, मुखवटा कायम.

धातूची अवस्था जागोजागी वेगळी असते. पत्रा अल्क्लॅड, म्हणजे तांबंमिश्रित मजबूत ॲल्युमिनियमच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर. तो थर स्वतः झिजून आतल्याला वाचवतो, त्यामुळे मोठे पत्रे आश्चर्य वाटावं इतके चांगले निघतात. स्पारच्या दाबून काढलेल्या पट्ट्यांना ते संरक्षण नसतं. त्या खारी बिस्किटासारख्या पापुद्र्यांनी सुटतात, आणि अशा पट्टीला उपाय नाही, ती बदलावी लागते. पोलादी बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लेलं असतं, कारण ओलाव्यात दोन धातूंची विद्युतघट जोडी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम बळी जातं. मॅग्नेशियमचे ओतीव भाग तर पांढऱ्या भुकटीच्या रूपात हातात येतात.

हे सगळं गोड्या पाण्यातलं. समुद्रातून आलेल्या विमानात मिठातलं क्लोराइड धातूच्या आत शिरलेलं असतं आणि तो वेगळाच रोग आहे. इंग्लंडमध्ये समुद्रातल्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावरून १० जून २०१३ ला काढलेलं जर्मन डॉर्निअर १७ बॉम्बफेकी विमान कॉसफर्डच्या संग्रहालयात प्लास्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्यावर सौम्य सायट्रिक आम्लाचे फवारे दीर्घकाळ मारावे लागले. गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमान संग्रहालयात उघड्यावर उभी असलेली विमानं पाहिली तेव्हा मला हेच क्लोराइड आठवलं. खाऱ्या वाऱ्यातल्या विमानासाठी महागड्या रंगापेक्षा नियमित गोड्या पाण्याची अंघोळ आणि बुजू न दिलेली पाण्याची भोकं जास्त उपयोगी पडतात.

रिव्हेट काढायचा तर डोक्यावरच्या खळग्यात मध्य धरून, दांड्याहून किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीइतकंच भोक पाडायचं, डोकं तिरपं करून तोडायचं, मागून आधार देऊन दांडा हलकेच बाहेर ठोकायचा. ड्रिल घसरून भोक लांबट झालं की पुढच्या मापाचा रिव्हेट वापरावा लागतो आणि मूळ ओळ बिघडते. नवा रिव्हेट जोडाच्या जाडीपेक्षा दांड्याच्या व्यासाच्या दीडपट लांब हवा. ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं झालं पाहिजे. काही मजबूत रिव्हेट ठोकेपर्यंत बर्फाच्या पेटीत ठेवावे लागतात; बाहेर काढले की अर्ध्या तासात कडक होतात आणि मग ठोकले तर तडकतात.

प्रदर्शनासाठीच्या विमानात कुठलाही भाग बदलण्याआधी मी एकच विचारतो: हा भाग विमानाचं वजन पेलतोय का? पेलत असेल आणि कुजला असेल तर बदला. नसेल तर भोकासकट राहू द्या. अनेक संग्रहालयांना प्रसिद्ध वैमानिकाच्या रंगातलं, चकाकणारं विमान हवं असतं. आमच्या वाइल्डकॅटलाही मिडवेच्या काळातले रंग द्यावेत असा आग्रह झाला. मी त्याला ठाम विरोध केला. मिडवेची लढाई जून १९४२ मधली. या विमानाच्या पत्र्यावर त्यानंतरचा एक वर्षाचा इतिहास थरांनी चढलेला आहे आणि वरचा थर सरोवरातल्या शिकाऊ वैमानिकांचा आहे. तो खरवडून उसना मोठेपणा चढवला की उरते ती ३८ फुटांची खेळण्याची प्रतिकृती.

शेवटी तोडगा निघाला. उजवी बाजू १९४३ च्या सराव तुकडीच्या रूपात, काढता येईल अशा रंगाने रंगवायची. डावीकडचं ताऱ्याचं पॅनेल अजिबात रंगवायचं नाही. फक्त साफ करून, सुटा रंग बसवून, मेणाचा पातळ हात द्यायचा. दालनातली आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली आणि त्या पॅनेलवरचा प्रकाश मंद. बदललेल्या प्रत्येक पत्र्याच्या आतल्या बाजूला वर्षाचा शिक्का ठोकलेला आहे, म्हणजे पुढे कोणी हे विमान उघडलं तर ग्रुमनचं काम कुठे संपतं आणि आमचं कुठे सुरू होतं, हे त्याला विचारावं लागणार नाही.