आमची वाटचाल : सूत, सर्व्हर आणि एक शेठ

इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्यांचं बिलिंग आमच्या सॉफ्टवेअरवर, सर्व्हर सेंटओएस ६ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमवर. बरीच वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०२० चं. नोव्हेंबरअखेर सेंटओएस ६ चा सपोर्ट संपणार, म्हणून सगळ्यांना ७ वर जायची घाई. बाहेरच्या एका कंपनीने निम्म्या दरात आमची मोठी गिऱ्हाइकं उचलली. सर्व्हर हलवले, आणि बिलिंग हाताने चालवलं की चालायचं, मशीन रीबूट झालं की डेटाबेसला जोडायचंच नाही. बोंब मात्र आमच्या नावाने: "सॉफ्टवेअरच जुनाट." बाजारात असली बातमी पसरायला किती वेळ लागतो? एकेक एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) सुटली. पगार बायकोची एफडी मोडून केले.

एक शेठ तेवढे म्हणाले, "तुम्ही एकदा बघून घ्या, मग ठरवू." त्यांचाही सर्व्हर त्याच मंडळींनी हलवलेला.

सिस्टमसीटीएल स्टेटस या कमांडमधून बिलिंग सर्व्हिसचा पीआयडी (चालू प्रोसेसचा क्रमांक) घेतला, प्रॉक फोल्डरमधली त्याची एन्व्हायरन फाइल, म्हणजे त्या प्रोसेसला मिळालेल्या सेटिंग्जची यादी, टीआर कमांडमधून काढली. पाथ, लँग, अशा मोजक्या ओळी. डेटाबेसचा होस्ट नाही, पासवर्ड नाही. मग रूटची, म्हणजे मुख्य ॲडमिन युजरची, बॅशआरसी फाइल उघडली. होस्ट-पासवर्ड ठरवणाऱ्या सगळ्या 'एक्सपोर्ट' ओळी तिथे रांगेत बसलेल्या! अहो, बॅशआरसी वाचतो तो शेल, म्हणजे लॉगिन केल्यावर आपल्या कमांड घेणारा प्रोग्राम. सातवर सर्व्हिस सुरू करतं ते सिस्टमडी, आणि तेव्हा मध्ये शेल असतोच कुठे? सहावर सर्व्हिस सुरू करणारी आमची इनिट स्क्रिप्ट सिसकॉन्फिग फोल्डरमधली सेटिंग्जची फाइल डॉट कमांड देऊन वाचायची. सिस्टमडीसाठी नवं युनिट (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) लिहिताना यांनी ती ओळच गाळली.

तीच फाइल परत आणली, 'एक्सपोर्ट' शब्द काढले (सिस्टमडी त्या ओळी सरळ सोडून देतं), सिस्टमसीटीएल एडिटने युनिटच्या सर्व्हिस विभागात त्या फाइलचा पत्ता देणारी एन्व्हायर्नमेंटफाइलची एक ओळ घातली. रीस्टार्ट, मग मुद्दाम रीबूट. बिल निघालं. शेठनी वर्षाची एएमसी आगाऊ दिली, म्हणून आज दुकान उघडं आहे.

विचारलं नाहीत तरी सांगतो: पासवर्ड युनिटमधल्या एन्व्हायर्नमेंट ओळीत लिहू नका, सिस्टमसीटीएल शो केलं की साध्या युजरलाही दिसतो. वेगळी फाइल ठेवा, मालक रूट, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी). सर्व्हिस दुसऱ्या युजरने चालत असली तरी अडत नाही. फाइल सिस्टमडी स्वतः वाचतं. फाइल बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट करा, चालू प्रोसेसला नवं सेटिंग कळत नाही.

गेलेल्यांपैकी काही परतले. एक मोठं गिऱ्हाईक अजून त्यांच्याकडेच आहे. तिथे म्हणे दर रीबूटनंतर एक माणूस लॉगिन करून बिलिंग हाताने सुरू करतो, आणि त्याचे पैसे वेगळे लावतात.