गच्चीतला गवती चहा

गवती चहाचं बी पेरत नाहीत. आपल्याकडे घरोघरी असतो त्या जातीला फुलोरा क्वचितच येतो, म्हणून लागवड ठोंबापासूनच. माझा ठोंब चिपळूणजवळच्या मावशीच्या परसातला. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कर्दळ आणि गवती चहा, हे तिकडे ठरलेलंच. मावशीने कोयत्याने बेट फोडून मुळांसकट फुटवे काढले, वरची पात वीतभर ठेवून छाटली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून दिले. मी पात छाटू नको म्हणत होते. "अगो, मुळं धरेपर्यंत एवढी पात पोसणार कोण?" ती म्हणाली.

पुण्याला आल्यावर मोठ्या कुंडीत माती, शेणखत आणि थोडी वाळू मिसळून फुटवे लावले. जून होता, पावसाने बाकीचं काम केलं. या झाडाला पाणी लागतं, पण साचलेलं चालत नाही, मुळं कुजतात. ऊन मात्र भरपूर हवं. सावलीतली पात लांब होते, पण तिला वास कमी. थंडीत वाढ मंदावते, टोकं वाळतात, त्याची काळजी करायची नाही. पातीवर तांबेऱ्याचे तपकिरी ठिपके दिसले तर तेवढी पात कापून टाकावी.

रोपवाटिकेतून घेणार असाल तर पात चुरडून वास घ्या. लिंबाचा स्वच्छ वास आला पाहिजे. सिट्रोनेला गवत दिसायला अगदी असंच, फक्त बुंध्याशी लालसर; पण त्याला डास पळवायच्या मलमासारखा वास येतो. ते चहात घालायचं नाही.

लिंबाचा हा वास सिट्रालचा. गवती चहाच्या तेलात साधारण 70 ते 80 टक्के सिट्रालच असतं आणि हे तेल वाफेबरोबर उडून जातं. चहा करण्याची सगळी रीत मी यावरून बसवली. पात बाहेरच्या बाजूची, जमिनीपासून वीतभर वर, कात्रीने कापते. तिच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हाताने ओढली की बोट कापतंच. धुऊन दोन-तीन पातींची एकत्र गाठ मारते, म्हणजे गाळताना तुकडे येत नाहीत. पाण्यात आधी ठेचलेलं आलं उकळते. मग गॅस बारीक करून गाठ टाकते आणि झाकण ठेवते, पाचेक मिनिटं. झाकण काढल्यावर पहिली वाफ तोंडावर येते तेव्हाच कळतं, चहा जमला. गूळ घालायचा असेल तर दूध नकोच, फाटायची भीती असते. मला तर बिनदुधाचाच आवडतो.

सर्दीत, घसा धरल्यावर हा चहा मी मनापासून घेते, आराम पडतो. गरम पाणी, आलं आणि वाफ यांचा त्यात वाटा मोठा आहे, हेही मला मान्य आहे. ब्राझीलमध्ये लोक हाच चहा झोप लागावी, मन शांत व्हावं म्हणून पितात. तिथल्या संशोधकांनी माणसांवर चाचणी केली. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झोपेवर किंवा चिंतेवर परिणाम आढळला नाही, अपायही दिसला नाही. म्हणून ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर काढ्यावर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावं. गरोदरपणात तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

उन्हाळ्यासाठी पात सावलीत वाळवून बरणीत भरून पाहिली. चव राहते, पण ताज्याचा दरवळ त्यात नाही. त्यापेक्षा तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवलेली पात कितीतरी बरी.

आणि कापायला कचरू नका. न कापलेलं बेट आतून वाळकं होत जातं, कापलं की नवी पात जोमाने येते. कुंडी मुळांनी गच्च भरली की पावसाळ्याच्या तोंडावर बेट फोडायचं, मधला जुना भाग टाकायचा आणि कडेचे फुटवे नव्याने लावायचे. उरलेले शेजारीपाजारी. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी ओळखीत मागावा. ज्या घरी गवती चहा आहे तिथे जूनमध्ये फुटवे जास्तच झालेले असतात.