पोतोसीच्या खाणीत कोकाची पानं

बोलिव्हियातल्या पोतोसीत खाण बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, असा रिवाज आहे. आमचा वाटाड्या पूर्वी स्वतः खाणीत राबलेला. त्यानं आम्हाला आधी खाणकामगारांच्या बाजारात नेलं. एकाच टपरीवर डायनामाइटच्या कांड्या, ९६ टक्क्यांचा अल्कोहोल, सिगारेटी आणि पिशव्यांत गच्च भरलेली कोकाची पानं, म्हणजे ज्यांच्यापासून कोकेन काढतात ती! कामगारांसाठी पानं घेतली, थोडी स्वतःसाठीही.

पानांबरोबर दुकानदार बाईनं एक काळपट, चिकट तुकडा दिला. ही लेहिया, किन्वाच्या देठांच्या राखेपासून करतात. आपल्याकडे विड्याला चुना, तशी कोकाला लेहिया. क्षार मिसळल्याशिवाय पानातला अर्क नीट सुटत नाही. पानाची मधली शीर दातांनी ओढून टाकायची, उरलेलं पान गालात सारायचं, मग दुसरं, तिसरं, आणि मध्ये लेहियाचा कण. चावायचं नाही, लाळेत मुरू द्यायचं. मी सवयीनं चावायला लागले तेव्हा बाई खो खो हसली.

चव वाळल्या पाल्याची, कडवट. थोड्या वेळानं गाल आणि जिभेची कड बधिर झाली. नशा म्हणाल तर शून्य. कडक चहानं येते तेवढी तरतरी. विरळ हवेचा त्रास कोकानं जातो, असं तिथल्या प्रत्येक हॉटेलात सांगतात. ४,००० मीटरवर ठणकणाऱ्या माझ्या डोक्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

सेरो रिको डोंगराच्या पोटात शिरल्यावर मात्र या पानाचं खरं काम कळलं. आत कामगार सहसा जेवत नाहीत. धूळच एवढी असते. भूक आणि थकवा दाबायला गालात पानं. शिवाय तेच त्यांचं घड्याळ. गालातल्या पानांची चव गेली की विसाव्याची वेळ झाली. मग सगळे बसतात, चोथा टाकतात, गप्पा मारत नवी पानं भरतात. एकानं आपली पिशवी माझ्यापुढे धरली. अशी पुढे केलेली पानं दोन्ही हातांनी घ्यायची, नाही म्हणायचं नाही, हे वाटाड्यानं आधीच बजावलं होतं.

एका बोळकांडीत शिंगं असलेला मातीचा ‘तिओ’, म्हणजे खाणीतला देव, बसलेला. खाणीचा मालक तोच. तोंडात सिगारेट, मांडीवर कोकाचा ढीग. वाटाड्यानं मूठभर पानं त्याच्यावर टाकली, दारूचे चार थेंब जमिनीवर पाचामामेसाठी, म्हणजे धरणीमातेसाठी, आणि मगच स्वतः घोट घेतला. खाणीच्या तोंडाशी क्रूस, आत तिओ. दोघांचं बरं चाललंय.

इथे १५४५ मध्ये चांदी सापडली. स्पॅनिश पाद्री आधी या पानाला सैतानाचं म्हणून नावं ठेवत होते. पण पानांशिवाय मजूर खाणीत टिकत नाहीत हे दिसल्यावर लामांच्या तांड्यांवरून पोत्यांनी कोका वर येऊ लागला, आणि चर्चनंही त्यातून दशांश घेतला. सैतानाची वर्गणी चालते तर!

पुढे ला पासमध्ये लिनारेस गल्लीत चादरीवर पानं उधळून भविष्य सांगणारे यातिरी दिसले. पान कुठे पडलं, कोणती बाजू वर आली, यावरून लग्नापासून धंद्यापर्यंत सगळं सांगतात. मी काही विचारायला गेले नाही.

वाळलेल्या पानात कोकेन साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतं. तरी १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानं पानालाही कोकेनच्याच यादीत टाकलं आणि ते चघळणं २५ वर्षांत बंद व्हावं असं ठरवलं. बोलिव्हियानं २००९ च्या राज्यघटनेत कोकाला सांस्कृतिक वारसा म्हटलं, २०१२ मध्ये त्या करारातून बाहेर पडला आणि चघळण्याचा हक्क राखून २०१३ मध्ये परत आत आला. मला हा बाणेदारपणा आवडला.

आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कोकाच्या पानाचा नाव घेऊन उल्लेख आहे. तेव्हा विमानतळावर फ्रिज मॅग्नेटशेजारी रचलेली कोका-चहाची खोकी कितीही निरागस दिसली, तरी तो चहा तिथेच प्या, बॅगेत भरू नका.