मधुमालतीची फांदी मागणाऱ्यांसाठी

आमच्या गेटवरच्या मधुमालतीला बहर आला की रस्त्याने जाणारं कुणीतरी थांबतंच, "काकू, एक फांदी द्या ना, लावायचीय." द्यायला माझी ना नाही हो, पण तोडलेली फांदी कुंडीत खुपसली की लागतेच असं नाही. त्यापेक्षा दाब कलम करा म्हणते मी, तर तेवढा धीर कुणाला असतो!

त्यात अवघड काहीच नाही. पाऊस सुरू झाला की जमिनीलगतची पेन्सिलीएवढी जाड फांदी बघायची, मधल्या एका पेराखाली साल जराशी खरवडायची, तेवढाच भाग मातीत दाबून वर विटेचा तुकडा ठेवायचा आणि शेंडा बाहेर. मुळं फुटेपर्यंत मूळ वेल तिला पोसतच असते, त्यामुळे वाळायची भीती नाही. दिवाळीच्या सुमारास हलकेच ओढून बघा, हलली नाही तर मुळं धरलीत, कापून वेगळी करा. याहूनही सोपं म्हणजे बुंध्याजवळ जमिनीतून फुटवे येतात ते मुळासकट खणून न्यायचे, बहुतेक नर्सरीवाल्यांच्या आधी शेजारणींनाच हे माहीत असतं. फांदीच लावायची तर अगदी कोवळी नको, तीन-चार पेरांची घ्या, खालची पानं काढा आणि सावलीत ठेवा. बियांची वाट मात्र बघू नका, आपल्याकडे फारशा धरत नाहीत.

फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की बिनधास्त छाटा, ऊन भरपूर द्या, आणि युरिया नको, नुसती पानंच माजतात. छाटताना हातमोजे घाला बरं का, पान गळलं तरी देठाचा खालचा भाग वेलावरच राहतो आणि वाळून त्याचा चांगला टणक काटा होतो, त्याच्याच आधाराने ती वर चढते.

आणि संध्याकाळी एकदा वेलाखाली उभं राहून बघाच. फूल उमलतं तेव्हा पांढरं, नंतर गुलाबी, मग लाल होऊन खाली लोंबायला लागतं, म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग. वास रात्रीच जास्त, कारण तेव्हा लांब सोंडेचे पतंग येतात, त्या लांबलचक नळीत दुसऱ्या कुणाची सोंड पोचणार? दिवसा लाल फुलांवर शिंजीर पक्षी आणि मधमाश्या.

फ्लॅटच्या बाल्कनीत लावणार असाल तर आधीच सांगते, ड्रेनेजच्या पाइपापासून लांब ठेवा, एकदा पाइपावर चढली की वरच्या मजल्यावरचे तुमच्याशी बोलायचे नाहीत.