चावी डावीकडे

शनिवार, रात्री साडेअकरा

मंगळवारच्या अंकातल्या माझ्या व्यंगचित्रातला ग्रामोफोन चुकलाय. आज पाचवा दिवस, आणि ते मला कुणीही सांगितलेलं नाही.

नवरा ग्रामोफोनची पिन उचलायला वाकलाय. कर्ण्यातून तीनदा तेच वाक्य: 'खड्डे बुजवण्याचं काम युद्धपातळीवर सुरू आहे.' बायको म्हणते, 'पिन अडकली नाहीये. ह्याच वर्षीच्या बातम्या आहेत.' विनोद चांगला होता, अजूनही वाटतं. पण ग्रामोफोनची चावी डाव्या अंगाला आलीय आणि पिन धरणारा आर्मही डावीकडून. असं यंत्र वाजूच शकत नाही.

तबकडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. आर्मची खुंटी उजवीकडे मागच्या कोपऱ्यात असते, पिन तबकडीच्या उजव्या भागावर टेकते, आणि तिथली खाच आर्मपासून दूर, आपल्या दिशेला येत असते. म्हणजे पिन खाचेमागून ओढली जाते. आर्म डावीकडे नेला की खाच समोरून पिनेवर चालून येते, पिन लाखेत रुतते, उड्या मारते. बरं, तबकडीच उलटी फिरवावी, तर खाच पिनेला आत नेण्याऐवजी कडेबाहेर ढकलेल. हे सगळं मला झोपेतही सांगता येईल. घरात चारशेच्या वर लाखेच्या रेकॉर्डी आहेत.

चूक कशी झाली ते कळतंय. चित्र आडवं उलटवून तपासायची सवय. पूर्वी कागद खिडकीच्या काचेला उलटा लावायचो, आता टॅबलेटवर एका टिचकीचं काम. उलटं बघितलं की कललेलं डोकं, लांबलेला हात, एका बाजूला घसरलेलं टेबल लगेच दिसतं. सोमवारी उलटवलं तर बायको डावीकडे आली. एका कॉलमाच्या चौकटीत नजर डावीकडून शिरते, तिथेच उघडं तोंड दिसलं तर खालची ओळ कुणाची हे शोधावं लागत नाही. विनोद एकदम उभा राहिला, म्हणून तसंच ठेवलं. साडेसहाला पान छपाईला सुटतं. ओळ वेगळ्या थरावर नंतर लिहितो, त्यामुळे अक्षरांनीही चुगली केली नाही.

मंगळवारी सकाळी छापील अंकात पहिल्यांदा दिसलं. दुपारपर्यंत फोन हातातून ठेवला नाही. दादा असते तर सातलाच...

असो.

बुधवारी लोकल, गुरुवारी कांद्याचा भाव. दोन्ही ठाकठीक. गुरुवारचं हॅचिंग, म्हणजे सावलीच्या रेघा, भरून काळं झालं. अंकात पाच सेंटिमीटरला बसणारं चित्र मी दुप्पट काढतो, पण रेघांमधली फट दुप्पट ठेवायला विसरलो की वर्तमानपत्राचा कागद शाई पितो आणि सावलीचा डाग होतो. त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही, पण ते मला लागलं नाही. लागलं ते मंगळवारचंच.

पावसामुळे रेकॉर्डींवर पांढरी बुरशी धरलीय. रोज रात्री दहा-बारा उरकतोय. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल. लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. नंतर नुसत्या पाण्यानं पुसून उभ्या वाळवायच्या. स्पिरिट अजिबात नाही. प्लॅस्टिकच्या एलपीला ते चालतं, लाख मात्र त्यात विरघळते. एका पुसण्यात चकाकी जाते आणि गाणंही. जुनी कागदी पाकिटं ओल धरतात, ती फेकायची नसतील तर रेकॉर्डीपासून वेगळी ठेवायची.

काल शुक्रवार, म्हणून पावसातही चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला गेलो. एक रेकॉर्ड घेतली. मधल्या भोकात बोट घालून धरायची आणि कडेला नखानं टिचकी मारायची. अखंड असेल तर मडक्यासारखी खणखणते, तडा असेल तर भद्द वाजते. ही खणखणली. घरी येऊन वेग लावला, मिनिटाला ७८ फेऱ्या. वेग तपासायच्या स्ट्रोबच्या चकतीवर ७७ रेघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा मिनिटाला ६,००० वेळा उजळतो. भागिले ७७ म्हणजे ७७.९२. रेघा थबकल्या की वेग जुळला. चांगल्या एलईडीखाली त्यांचा नुसता चिखल दिसतो, निऑनचा इंडिकेटर जवळ धरावा लागतो. स्प्रिंग थकून वेग ७४ वर आला तर पेटीच्या काळी एकचं गाणं जवळजवळ पांढरी एकला उतरतं. तेवढं मला सहन होत नाही, उठून चावी देतो. आणि चित्रात अख्खं यंत्र उलटं काढून पाठवून दिलं.

'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या चित्रात फ्रान्सिस बॅरोनं कर्ण्यापुढे कुत्रा बसवला तेव्हा समोर नळकांड्यांचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेतलं ते यंत्र बदलण्याच्या अटीवर. त्यानं वरून तबकडीचा ग्रामोफोन रंगवला. विशिष्ट उजेडात खालचं जुनं यंत्र अजून जाणवतं म्हणतात. मला वाटायचं, यंत्र इतकं नेमकं हवं असणारी माणसं आहेत तोवर आपलं बरं चाललंय.

गायिका गौहर जानची १९०२ ची ध्वनिमुद्रणं कलकत्त्यात झाली, पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघायच्या. शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते तिथल्या कारागिरांना रेकॉर्ड कुणाची हे कळावं म्हणून. तीन-एक मिनिटांत राग मांडून त्यातलेही काही क्षण नावाला. पलीकडे कुणीतरी कान देऊन बसलंय याची खात्री असल्याशिवाय असं कोण करेल? माझ्या पलीकडे कोण बसलंय, हेच आठवडाभर विचारतोय.

आज दुपारी पार्ल्याहून फोन आला. वयस्कर बाई. म्हणाल्या, "अहो, मंगळवारच्या चित्रातल्या बाईंचा पदर उजव्या खांद्यावर कसा? गुजराती म्हणावं तर तो मागून पुढे येतो, हा पुढून मागे गेलाय. आणि तिच्या नवऱ्याचा खिसाही उजवीकडे."

मी विचारलं, ग्रामोफोन कसा वाटला? म्हणाल्या, "छान आहे की, आमच्याकडे होता."

फोन ठेवल्यावर अंक पुन्हा काढला. खरंच, खिसा उजवीकडे. पाच दिवस मी फक्त चावीकडे बघत होतो, पदर मलाही दिसला नव्हता. त्या रोज पदर घेतात, मी रोज चावी देतो. त्यांच्या घरचा ग्रामोफोन थांबून किती वर्षं झाली ते विचारायचं राहिलं.

मग फाइल उघडली. सरळ उलटवून भागत नाही, बायको पुन्हा उजवीकडे जाते. बराच वेळ बघितल्यावर सुचलं की यंत्र पाठीमागून दाखवावं. मागून बघितलं तर चावी आपल्या डावीकडेच दिसते, पिनही तबकडीच्या डाव्या भागावर. फक्त आर्मची खुंटी पलीकडच्या कोपऱ्यातून अलीकडे आणायची. नवरा तसाही टेबलापलीकडेच उभा आहे, म्हणजे यंत्राच्या पुढच्या बाजूला, जिथे त्यानं असायला हवं. कर्णा त्याच्याकडे वळवला. त्याचा चेहरा थोडा झाकला गेला, म्हणून कर्ण्याच्या दोन पाकळ्या कमी केल्या.

खिसा डावीकडे नेला. निऱ्यांपासून चार रेघा पुन्हा ओढल्या आणि पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडला. अंक तर रद्दीत गेला, पण पार्ल्याला सोमवारी एक प्रत टपालानं पाठवतोय.