‘नको’चं ‘हवं’ झालं: डर्टी पाइपची नोंद

मागच्या वेळी डर्टी काऊ हे लिनक्समधलं सुरक्षेचं भोक संपवताना म्हटलं होतं की पुढे डर्टी पाइप घेतो, म्हणजे फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्ये लिहू देणारं भोक. घेतला, आणि तीन शनिवार-रविवार त्यातच गेले. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: लिनक्समधली जुनी, दुरुस्त झालेली ‘लोकल’ भोकं जमवायचा हा छंद आहे. लोकल म्हणजे मशीनवर साधं खातं आधीपासून आहे, तिथून रूटपर्यंत, म्हणजे सर्वाधिकारी खात्यापर्यंत, पोचायची चोरवाट. मी आधी पॅच (कोडमधली दुरुस्ती) वाचतो, मग पॅचच्या आधीचं आणि नंतरचं कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधून व्हर्च्युअल मशीनमध्ये फरक बघतो. तयार एक्स्प्लॉइट (भोकाचा फायदा घेणारा प्रोग्राम) उतरवून रूट मिळवण्यात मला गोडी नाही. त्यातून कळत काहीच नाही.

पहिला शनिवार

वाया गेला, आणि दोष सर्वस्वी माझा. मूळ कर्नलमध्ये दुरुस्ती आली ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये. माझ्याकडे डेबियन ११ या लिनक्स वितरणाची एक जुनी इमेज पडून होती, कर्नल ५.१०.९२. ब्याण्णव एकशेदोनपेक्षा लहान, म्हणजे भोक असणारच, असं धरून बसलो. रात्री साडेअकरापर्यंत काही घडेना. माझ्या चाचणीतच चूक असेल म्हणून तीच चारदा लिहून काढली. शेवटी पॅकेजचा पूर्ण क्रमांक बघितला तर ५.१०.९२-२. ते शेपटीचं ‘-२’ म्हणजेच दुरुस्ती! डेबियनवाले आकडा तोच ठेवून पॅच मागे आणून लावतात. आकड्यावरून निदान करू नका असं मीच इथे दोनदा सांगून झालंय.

मग सरळ मूळ ५.१०.१०१ चा सोर्स घेतला. माझ्या दोन कोअरच्या लॅपटॉपने पंखा किंचाळत पाऊण तासात कर्नल बांधून दिलं.

रविवार, नुसतं वाचन

हे भोक सापडलं कसं, तो भाग मला भोकापेक्षाही आवडला. मॅक्स केलरमन हा जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीचा प्रोग्रामर. एप्रिल २०२१ मध्ये एका ग्राहकाची तक्रार आली की उतरवलेली लॉग फाइल उघडत नाही. जीझिपने आवळलेल्या अशा फाइलच्या शेवटी चार बाइट चेकसमचे (मजकूर शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) आणि चार मूळ लांबीचे असतात, नेमके तेच आठ बाइट बिघडलेले. त्याने ती एक फाइल दुरुस्त केली आणि विषय सोडला. पण अशा फाइली येतच राहिल्या, आणि बहुतेक वेळा महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्याच. बिघडलेल्या आठ बाइटांतले पहिले दोन होते ‘पी’ आणि ‘के’. झिपच्या सूचीची सुरुवात याच दोन अक्षरांनी होते, झिपचा जनक फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरं. त्यांची एक सेवा महिन्याचे लॉग एकत्र करून झिप म्हणून पाठवत असे. शेवटच्या दिवसाची फाइल पाठवून झाली की लगेच ही सूची लिहायची. तिचेच आठ बाइट मागच्या फाइलवर सांडत होते. आणि त्या सेवेला त्या फाइलींत लिहायची परवानगीच नव्हती! म्हणजे गुन्हेगार कर्नल. मग त्याने दोन चिमुकले प्रोग्राम लिहिले, एक फाइलमध्ये ‘ए’ लिहिणारा, दुसरा पाइपमध्ये (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे माहिती नेणारी वाट) ‘बी’ लिहिणारा, आणि फाइलमध्ये ‘बी’ उमटायला लागले.

दुसरा शनिवार-रविवार

आता आतली गोष्ट. पाइप म्हणजे कर्नलमधली खणांची गोल रांग, प्रत्येक खणात ४०९६ बाइटांचं एक पान. तुम्ही थोडंसं लिहिलंत आणि शेवटच्या पानावर जागा उरली असेल, तर पुढचं लिखाण तिथेच जोडलं जातं. ‘जोडलं तर चालेल’ हे सांगणारी एक खूण त्या खणावर असते. स्प्लाइस (फाइलमधला मजकूर पाइपमध्ये नेणारं कर्नलचं काम) मात्र कॉपी करतच नाही, फाइलचं पेज कॅशमधलं, म्हणजे कर्नलने मेमरीत ठेवलेल्या प्रतीतलं, पानच उचलून खणात ठेवतं. त्या पानावर काही जोडणं म्हणजे दुसऱ्याच्या वहीत गिरवणं, म्हणून तिथे ती खूण नसायला हवी.

२०१६ च्या कोडमध्ये (४.९) खण भरताना खुणेची जागा पुसायची राहून गेली. पाटी न पुसता पुढच्या मुलाच्या हातात दिली, असं समजा. तेव्हा काही बिघडलं नाही, कारण ‘जोडा’ ही खूण तेव्हा तिथे नव्हतीच. २०२० मध्ये (५.८) साफसफाई करताना ती त्याच जागेत आणली गेली आणि चार वर्षं निपचित पडलेली चूक जिवंत झाली. पाइप आधी साध्या लिखाणाने भरून रिकामा करा, सगळ्या खणांवर खुणा उरतात. मग फाइलचं पान स्प्लाइस करा, पाइपमध्ये लिहा, आणि लिखाण थेट पेज कॅशमध्ये.

माझी चाचणी: रूटच्या मालकीची, इतरांना फक्त वाचता येणारी फाइल. आत एकच शब्द, ‘नको’. साध्या खात्यातून त्याचं ‘हवं’ करायचं. एक अडचण आहे. निदान एक बाइट स्प्लाइस करावाच लागतो, त्यामुळे पानाचा पहिला बाइट बदलता येत नाही. इंग्रजी शब्द असता तर पहिलं अक्षर तसंच राहिलं असतं. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, आणि त्यातला पहिला सगळ्यांचा सारखाच, ई-शून्य! ‘नको’ नऊ बाइट, ‘हवं’ही नऊ. पहिला तसाच ठेवून उरलेले आठ लिहिले, आणि फाइल वाचली तर चक्क ‘हवं’. मी खुर्चीतून उठून चहा टाकला.

याहून मजा पुढे. रूट होऊन कर्नलची कॅश रिकामी केली आणि फाइल परत वाचली: ‘नको’. पान बदललंय हे कर्नलला कळलेलंच नसतं, म्हणून ते डिस्कवर उतरत नाही. शब्दाच्या जागी पासवर्डची फाइल असती तर काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरा शनिवार

पॅच दोन ओळींचा. दोन फंक्शनमध्ये एकेक ओळ, खुणांची जागा शून्य करणारी. मी त्या एकेक करून लावल्या. फक्त पुश-पाइपमधली ओळ लावली: तरीही ‘हवं’. फक्त कॉपी-पेज-टू-इटर-पाइपमधली लावली: ‘नको’ ते ‘नको’च. बरोबरच आहे, फाइलचं पान खणात जातं ते याच वाटेने. पुश-पाइप नवी कोरी पानं घेतं, तिथे कोणाची वही बिघडत नाही. तरी दोन्ही पुसल्या ते उत्तम, कारण अर्धी पुसलेली पाटी किती वर्षांनी कोणाच्या हाती लागते ते आत्ताच बघितलं.

तारखाही बघण्यासारख्या. २० फेब्रुवारी २०२२ ला केलरमनने कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवलं, २३ ला दुरुस्त आवृत्त्या बाहेर, आणि ७ मार्चला सगळं जाहीर. मधले बारा दिवस पॅच सगळ्यांसमोर उघडा होता, फक्त त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. रिबूट न करता चारशे दिवसांचा अपटाइम मिरवणाऱ्यांना मी हेच दाखवतो. पॅकेज चढवलंत, पण रिबूट केलं नाहीत तर चालू कर्नल जुनंच.

पुढचा नंबर प्वनकिट या भोकाचा. पीकेएक्झेकमध्ये (दुसरा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालवून देणारा प्रोग्राम) ते २००९ पासून होतं, जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं. प्रोग्रामला एकही आर्ग्युमेंट (चालवताना सोबत दिलेला शब्द) दिलं नाही, अगदी त्याचं स्वतःचं नावसुद्धा, तर काय होतं, एवढ्यावर सगळा खेळ. जुना सोर्स उतरवून ठेवलाय. यावेळी कर्नल ५.१८ च्या आधीचंच घ्यायचं, नाहीतर रिकामी आर्ग्युमेंट यादी कर्नलच भरून देईल आणि माझा अजून एक शनिवार जाईल.